रोजच्या वापरातलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर: कुठे जमलं, कुठे अडलं?

तळ्यातमळ्यात

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. ते नसलेले, बाकी ठणठणीत संगणक घराघरांत पडून आहेत आणि 'यावर (विंडोजऐवजी) लिनक्स ही मोफत प्रणाली टाकू का?' असे व्यक्तिगत निरोप मला तेव्हापासून येत आहेत. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा धागाच काढते. माझा घरचा बराचसा कारभार गेल्या काही वर्षांत मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरवर आला आहे. तुमचेही अनुभव लिहा, आणि जिथे अडलं ते तर आवर्जून लिहा.

आधी माझं म्हणणं. कुठलं अ‍ॅप चांगलं, हा प्रश्न मी नंतर विचारते. त्याआधी दोन गोष्टी बघते: यात ठेवलेलं माझं सगळं उद्या मला बाहेर काढता येईल का, आणि काढल्यावर ते दुसऱ्या कशात उघडेल का? दोन्हीला 'हो' असेल तर ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपनीचं असलं तरी मला घाई नसते. 'नाही' असेल तर ते कितीही देखणं असो, मी त्यात माझं काही साठू देत नाही. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी वाचायची सोय देणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा ज्यांनी आपली वाचनयादी उतरवून घेतली, ते दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच वाचत होते. ती यादी ओपीएमएल नावाच्या खुल्या स्वरूपात मिळत होती म्हणून हे शक्य झालं.

दुसरं, क्रमाचं. ज्या बदलाला फक्त तुमची संमती लागते तो आधी करा. ज्याला नवरा, सासूबाई, सोसायटीचे सेक्रेटरी आणि मुलाच्या वर्गशिक्षिका अशा सगळ्यांची संमती लागते तो शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात, व्हॉट्सअ‍ॅप सोडायला जातात आणि पंधरवड्यात सगळंच सोडून देतात.

ब्राउझर बदलायला काहीच लागत नाही. फायरफॉक्स मराठीतही आहे. क्रोमने विस्तारकांचे (एक्स्टेन्शनांचे) नियम बदलल्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन तिथे मूळ रूपात चालेनासं झालं, फायरफॉक्सवर ते व्यवस्थित चालतं. पासवर्डसाठी कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डन. कीपासएक्ससीत सगळं एका कुलूपबंद फायलीत राहतं, ती फाइल पेनड्राइव्हवरही ठेवता येते. मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातल्या एकाला माहीत असलेल्या जागी ठेवा. आपल्यानंतर कुणाला तरी विम्याची आणि बँकेची खाती उघडावी लागणार असतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ फोटोंवर गेला, आणि तो कारणी लागला असं मला मनापासून वाटतं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, म्हणजे फोटोंनी ती भरली की मेलही येईनाशी होते. शिवाय सलग दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. घरातलं कुणी गेल्यावर त्यांच्या खात्यातल्या फोटोंकडे दोन-दोन वर्षं कुणी फिरकत नाही, हे आपल्याला माहीत आहे. ज्यांच्याकडे अशी खाती आहेत त्यांनी धागा पुढे वाचण्याआधी ती एकदा उघडून बघा.

गूगलच्या 'टेकआउट'मधून सगळे फोटो झिप फायलींत मिळतात. इथे एक अडचण येते. कॅमेऱ्याने टिपलेली तारीख फोटोतच असते, पण स्कॅन केलेल्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंना आपण हाताने घातलेली तारीख आणि खाली लिहिलेली ओळ शेजारच्या जेसन नावाच्या छोट्या मजकूर-फायलीत येते. त्या फायली कचरा समजून पुसल्या तर आजीच्या लग्नाचा फोटो स्कॅन केला त्या दिवसाखाली जाऊन बसतो. मी घरच्या जुन्या संगणकावर इम्मिच हे फोटो साठवायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवते, आणि 'इम्मिच-गो' नावाचं साधन या जेसन फायली वाचून तारखा जागच्या जागी लावतं. चेहरे ओळखण्याचं कामही घरच्याच यंत्रावर होतं. ८ जीबी रॅम असेल तर सुखाने चालतं.

पण हे करताना एक लक्षात घ्या: आता डिस्क गेली तर तक्रार करायला कुणी नाही. तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर, हे पाळता येणार नसेल तर इम्मिचच्या वाटेला जाऊ नका. एंटेसारखी सेवा पैसे देऊन घ्या. तिचा सर्व्हरसकट सगळा कोड खुला आहे आणि फोटो तुमच्या फोनवरच कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होऊन वर जातात.

हिशेबनीस

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. माझं करसल्लागाराचं काम आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. डिजिटल सहीच्या टोकनांचे ड्रायव्हर लिनक्सवर कधी चालतात, कधी नाही, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी सात वाजता 'कधी' हे उत्तर मला परवडत नाही. अशिलांकडून मॅक्रो घातलेल्या एक्सेल फायली येतात. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचातलं कॅल्क त्या उघडतं, साधी सूत्रं बरोबर चालतात, पण मॅक्रो पूर्णपणे चालतीलच असं नाही. पाच-सहा मुलं हाताखाली काम करतात, ती सगळी एमएस-सीआयटी करून आलेली. त्यांना पुन्हा शिकवायचा वेळ कोण देणार?

आणखी एक. मोठ्या कंपनीकडे सुरक्षेसाठी हजारो माणसं असतात. तुमच्या घरातल्या संगणकाकडे कोण बघतं?

तळ्यातमळ्यात

हिशेबनीस, तुमच्या कामासाठी विंडोज ठेवा, असंच मी म्हणेन. ज्या यंत्रावर दुसऱ्यांचं पोट अवलंबून आहे तिथे प्रयोग नकोत. माझ्या मते तुमच्याकडे बघण्यासारखी एकच गोष्ट आहे: अशिलांची मागची वर्षं फक्त टॅलीच्या स्वतःच्या स्वरूपात आहेत, की एक्सएमएल आणि पीडीएफमध्येही दरवर्षी काढून ठेवली आहेत? परवाना संपला आणि आठ वर्षांपूर्वीची खतावणी आयकरवाल्यांनी मागितली तर?

सुरक्षेचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मी मेलचा सर्व्हर घरी चालवत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. घरून पाठवलेली मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाते, आणि ती गेल्याचं आपल्याला कळतही नाही. मी फक्त स्वतःचं डोमेन घेतलं आहे आणि पत्ता त्यावर आहे. मेल सांभाळणारी कंपनी उद्या बदलली तरी पत्ता बदलत नाही. नूतनीकरणाची तारीख तेवढी चुकवायची नाही, कारण सुटलेलं डोमेन दुसरं कुणीही घेऊ शकतं आणि मग तुमची मेल त्याच्याकडे जायला लागते. इम्मिचही मी इंटरनेटवर उघडं ठेवलेलं नाही, घरच्या वायफायवर आणि बाहेरून फक्त वायरगार्ड या व्हीपीएनच्या सुरक्षित बोगद्यातून उघडतं.

कातळशिल्प

हिशेबनीस, तुमच्या अशिलांपैकी नवा धंदा सुरू करणारे असतील तर ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब आणि साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर जरूर दाखवा. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं आहे, पूर्ण मुक्तस्रोत, जीएसटीसाठी जोडणी मिळते. झिरोधा ही शेअर दलाली कंपनी ते वापरते. आमच्या रत्नागिरीच्या काजू कारखान्यात साठा आणि बिलं त्यावर आहेत. बसवायला माहितगार माणूस लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात, पण तो माणूस पटला नाही तर दुसरा आणता येतो, विदा (डेटा) आमच्याकडेच राहते.

पाटीपेन्सिल

एमएस-सीआयटीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. महाराष्ट्रात संगणक शिकणं म्हणजे विंडोज, वर्ड आणि एक्सेल शिकणं, हे आपण गेली वीस-पंचवीस वर्षं धरून चाललो आहोत. केरळने तसं धरलं नाही. तिथे आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला, काही वर्षांत तो संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर गेला, आणि २०१७ पासून 'काइट' ही सरकारी कंपनी ते काम बघते. शाळांसाठी त्यांची स्वतःची लिनक्स आवृत्ती आहे, पाठ्यपुस्तकं त्यावर बेतलेली आहेत आणि शिक्षकांचं प्रशिक्षणही त्यावरच होतं. माझ्या मते केरळचं यश शिक्षक-प्रशिक्षणात आहे. परवान्याचे पैसे वाचले हे खरंच, पण नुसते संगणक आणून लिनक्स टाकलं असतं तर ते खोलीला कुलूप लावून ठेवले गेले असते.

आमच्या शाळेत देणगीत आलेल्या जुन्या यंत्रांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे, ४ जीबी रॅमवर बरी चालते. नेट भरवशाचं नाही, म्हणून नेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं किविक्स टाकून मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून ठेवला आहे. मुलं त्यात गावाच्या नद्या, पक्षी, शिवकाळ असं शोधत बसतात. एकदा त्यांना सापडलं की आपल्या तालुक्याचं पान दोन ओळींचं आहे. मग सहावी-सातवीच्या मुलांनी माहिती जमवली आणि आम्ही ते पान वाढवलं. दुसऱ्या कुठल्या संगणकीय वस्तूत मुलांना 'यात आपणही भर घालू शकतो' हे मी दाखवू शकलो नसतो.

टंकनाची भीती घालू नका. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टंकनाची साधनं टाकली की इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, आणि जुन्या मराठी संकेतस्थळांवर ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी 'गमभन'ची पद्धतही यादीत मिळते.

मोरपंखी

फोनचं काय? मूळ अँड्रॉइडच्या जागी लिनिएजओएस ही मुक्त प्रणाली टाकली तर यूपीआय चालेल का? आणि बोलून मराठी लिहायची सवय झाली आहे, त्याला मुक्त पर्याय आहे का?

तळ्यातमळ्यात

मोरपंखी, रोजच्या फोनवर लिनिएजओएस टाकू नका. बँकांची बरीच अ‍ॅपं फोनची मूळ प्रणाली बदलली आहे का ते तपासतात आणि बदललेली दिसली की उघडायला नकार देतात. भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळं यूपीआयवर चालणाऱ्या शहरात हे नको. कपाटातला जुना फोन असेल तर त्यावर जरूर करून बघा. रोजच्या फोनवर तोच अँड्रॉइड ठेवून एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत दुकानावरून हवी ती अ‍ॅपं घेता येतात, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

बोलून लिहिण्याच्या बाबतीत गूगलचं मराठी फार पुढे आहे. तेवढ्यासाठी जीबोर्ड ठेवला तर काही बिघडत नाही. पत्ते, औषधांची नावं, घरगुती गोष्टी बोलण्याऐवजी हाताने लिहा.

घाटवाट

नकाशांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या दृष्टीने मुक्तस्रोताचा सगळ्यात मोठा फायदा आपल्या सह्याद्रीत तिथेच आहे.

ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) हा खुला नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. विकिपीडियासारखं कुणीही भर घालू शकतं. ऑरगॅनिक मॅप्स, कोमॅप्स, ऑस्मँड ही अ‍ॅपं त्याच विदेवर चालतात. घरून निघताना महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला की गडावर रेंज नसतानाही सगळं दिसतं, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांसकट. मोठ्या कंपनीच्या नकाशात रस्ते, दुकानं आणि वाहतूक उत्तम असते. पण राजगडावरून तोरण्याकडे जाणारी धार, वाटेतलं पाण्याचं टाकं, उतरायची नाळ, वस्तीवरून जाणारी पाणंद, या गोष्टी त्यांच्या ग्राहकाला लागत नाहीत. आपल्याला लागतात, म्हणून आपल्यातल्याच लोकांनी चालून त्या नोंदवल्या आहेत.

पुढचं जरा कळकळीने लिहितो. नकाशावर तुटक रेष आहे म्हणजे वाट आहे, एवढंच. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट घरच्यांना घेऊन जाता येते आणि नळीच्या वाटेला दोर आणि जाणकार लागतात. नकाशावर दोन्ही रेषा सारख्याच दिसू शकतात. ओएसएममध्ये वाटेचा अवघडपणा आणि ती किती स्पष्ट दिसते हे नोंदवायचे रकाने आहेत. वाट टाकणाऱ्यांनी ते भराच. पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो तिथे तशी खूण करा. जीपीएक्सची (चाललेल्या वाटेच्या नोंदीची) रेघ घरी बसून अंदाजाने जोडू नका, कारण तुमच्यामागून दुसरं कुणीतरी त्यावर विसंबून धुक्यात चालणार आहे.

ज्यांना ट्रेक वगैरे जमत नाही त्यांच्यासाठी स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप आहे. ते तुमच्या गल्लीबद्दल साधे प्रश्न विचारतं, या रस्त्याला दिवे आहेत का, या दुकानात व्हीलचेअरने जाता येतं का, आणि उत्तर थेट नकाशात जातं. आणि गावांची नावं देवनागरीत भरण्यासाठी वेगळा मराठी रकाना आहे. आपल्या कित्येक वाड्या-वस्त्यांच्या नोंदीत तो रिकामा आहे. आपापल्या गावापासून सुरुवात करा.

आजोळ

जर्मनीतून लिहितेय. माझ्या शेजारच्या श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने सरकारी कामकाज लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ४०,००० हून जास्त मेलपेट्या मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्ड या मुक्तस्रोत मेल-सॉफ्टवेअरवर हलवल्या. कर्मचाऱ्यांची कुरकूर झाली, होतेच. त्याआधी म्युनिक शहराने २००३ मध्ये असंच ठरवलं होतं, साधारण १५ हजार संगणक लिनक्सवर नेलेही, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजवर जायचं ठरवलं. तंत्र चाललं तरी नेतृत्व बदलल्यावर निर्णय फिरतो, एवढं म्युनिकवरून कळतं.

भारतातलं उदाहरण तर जवळचं आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाचे निर्बंध लागल्यावर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. गुजरातेत वाडिनारला एवढी मोठी रिफायनरी चालवणारी कंपनी, आणि तिला आपल्याच मेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. काही दिवसांत सेवा सुरू झाल्या, पण तळ्यातमळ्यात यांनी सुरुवातीला लिहिलंय तो 'माझं मला बाहेर काढता येईल का' हा प्रश्न तिथे प्रत्यक्ष उभा राहिला.

आता घरचं. आई-बाबा सांगलीला. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नल या मुक्तस्रोत निरोप-सेवेवर आणायचा मी बराच प्रयत्न केला. बाबा आले, आई नाही. तिचं भजनी मंडळ, भिशी, डॉक्टरांच्या वेळा, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. मी तिला पुन्हा म्हणाले नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कूटबद्ध होतात. कोण कुणाशी कधी बोललं ही माहिती मात्र कंपनीकडे जाते. मी तिच्या फोनवर एकच केलं: चॅटच्या बॅकअपला कूटबद्ध ठेवण्याचा पर्याय सुरू केला, तो मुळात बंद असतो. त्याची किल्ली बाबांच्या वहीत लिहून ठेवली आहे.

शाईपेन

अक्षरजुळणीच्या धंद्यातला माणूस आहे. मराठी माणसाला 'बाहेर काढता येईल का' हा प्रश्न सगळ्यात आधी कळायला हवा, कारण आपण तो एकदा भोगला आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी आपली पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल कितीतरी वर्षं ज्या-त्या कंपनीच्या फाँटात टंकले गेले. त्या फाँटांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. फाँट आहे तोवर मराठी दिसतं, फाँट गेला की फायलीत नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. आमच्याकडे एका पॅकेजचं डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) खराब झालं, विकणाऱ्याने हात वर केले, आणि चांगल्या चालत्या मासिकाचे जुने अंक छापील प्रतींवरून पुन्हा टंकावे लागले.

आता मी मजकूर फक्त युनिकोडमध्ये घेतो. 'एक टाइप' या मुंबईकर फाँट-मंडळींचे 'मुक्त', 'बालू' हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. रेड हॅट या लिनक्स कंपनीचा 'लोहित'ही आहे. पानं मांडायच्या स्क्रायबस या मुक्त सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी ठरवून घ्या, म्हणजे ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे राहतात. छापखान्याला फक्त पीडीएफ द्या. मोठ्या रंगीत जाहिरातींच्या पानांना मात्र मी अजून जुनंच सॉफ्टवेअर वापरतो, स्क्रायबस तिथे संथ पडतं.

माळरान

शाईपेन, तुमचा प्रतिसाद वाचून विचारतो. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची दहा-बारा हजार ग्रंथांची नोंद अशाच जुन्या फाँटात एक्सेलमध्ये आहे. फाँट एका संगणकावर अजून चालतोय. काय करावं? आणि पुढे कशात ठेवावी?

शाईपेन

माळरान, तो संगणक चालू आहे तोवर पहिलं काम म्हणजे फाँटची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि पूर्ण यादी त्याच संगणकावरून पीडीएफ करून ठेवा. तपासायला ती लागेल. मग त्या फाँटचा युनिकोड परिवर्तक शोधा. प्रत्येक फाँटची जुळणी वेगळी असते, 'कुठलाही चालेल' असं नसतं.

परिवर्तनात दोन ठिकाणी चुका होतात. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं उलट: जुन्या फाँटात तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. म्हणून 'विश्व', 'कीर्ती', 'मार्मिक' असे शब्द पहिल्यांदा तपासा. शब्दाच्या सुरुवातीला सुटी वेलांटी शोधली की बरेचसे दोष एकदम सापडतात. लेखकांची नावं मात्र एकेक करून डोळ्यांखालून घाला, तिथे यंत्रावर विसंबू नका.

तळ्यातमळ्यात

पुढे ठेवायला कोहा बघा, माळरान. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं, २००० पासून मुक्त असलेलं ग्रंथालय-सॉफ्टवेअर आहे. भारतातली बरीच महाविद्यालयं वापरतात, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी माहितगार ग्रंथपाल सापडेल. देवनागरी नोंदी आणि शोध दोन्ही चालतं. त्याआधी यादी युनिकोडमध्ये सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) करून घ्या, रकाने नीट वेगळे ठेवा: लेखकाचं आडनाव, नाव, शीर्षक, प्रकाशन, वर्ष, दाखल क्रमांक. फाँटचं नाव आणि यादीचं एक पान इथे टाकलंत तर शाईपेन आणि मी मिळून परिवर्तक शोधून देतो.